एमएस, साथीचे दिवस आणि मन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

९ मार्च २०२० ला राज्यातले पहिले दोन करोना रुग्ण पुण्यात सापडले. त्या रात्री माझ्या फोनवर अकरा मेसेज आले, सगळे एमएसवाल्यांचे, म्हणजे मल्टिपल स्क्लेरोसिस हा मज्जातंतूंचा आजार असलेल्यांचे. शब्द वेगळे, प्रश्न एकच : आता आपलं कसं? पुढे २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याच्या बाजूला जीबीएसची (गियाँ-बारे सिंड्रोम, हातापायांच्या नसांचा आजार) साथ आली आणि तेच प्रश्न पुन्हा सुरू झाले. दर वेळी फोनवर तीच उत्तरं द्यायला आता माझा आवाज पुरत नाही. हे शब्दशः खरं आहे, संध्याकाळी जीभ जड होते. म्हणून लिहून ठेवते.

मी डॉक्टर नाही. मुद्रितशोधनाची कामं करते. नारायण पेठेत दुसऱ्या मजल्यावर राहते, लिफ्ट नाही. उजव्या डोळ्यासमोर अचानक धुकं आलं आणि एमएस आहे हे कळलं, त्याला आता बरीच वर्षं झाली. औषधांबद्दल खाली जे लिहिलंय ते आपल्या न्यूरॉलॉजिस्टला विचारायच्या प्रश्नांची यादी म्हणून वाचा. त्यावरून गोळी चालू किंवा बंद करू नका.

एमएस म्हणजे काय, हे सोसायटीतल्या लोकांना एका मिनिटात कसं सांगायचं?

मी असं सांगते : विजेच्या वायरवर जसं प्लास्टिकचं वेष्टण असतं तसं मज्जातंतूंवर मायलिनचं असतं. आपलीच रोगप्रतिकारशक्ती चुकून ते वेष्टण कुरतडते. मेंदू, मज्जारज्जू आणि डोळ्याची नस या तीन ठिकाणी हे होतं. मग कुठे मुंग्या, कुठे तोल जाणं, कुठे लघवीची घाई. संसर्गजन्य नाही. वेड नाही. 'स्क्लेरोसिस' ऐकून 'सोरायसिस' समजणाऱ्यांना त्वचेचं मलम सुचवू द्या, वाद घालण्यात शक्ती घालवू नका.

साथ आली की ती आपल्याला आधी गाठणार का?

नुसत्या एमएसमुळे करोना लवकर होतो असं दिसलं नाही. तो गंभीर होण्याचा धोका मात्र काही जणांना जास्त होता : वय जास्त असलेले, चालणं फार कमी झालेले किंवा व्हीलचेअरवर असलेले, मधुमेह, लठ्ठपणा, हृदयाचे किंवा फुप्फुसाचे आजार असलेले, आणि रिटुक्सिमॅब, ऑक्रेलिझुमॅबसारखी बी-पेशी (रोगप्रतिकारशक्तीतल्या पांढऱ्या पेशी) कमी करणारी एमएसवरची औषधं घेणारे. म्हणजे पंचविशीतली, चालती-फिरती, इंटरफेरॉन हे एमएसवरचं इंजेक्शन घेणारी मुलगी आणि साठीतले, वॉकर घेऊन चालणारे, मधुमेही काका यांची भीती एका मापाची असण्याचं कारण नाही.

हे मनाच्या पानावर का लिहिते? कारण २०२० मध्ये आम्ही सगळ्यांनी सरसकट घाबरून घेतलं. डॉक्टरांना 'माझ्या बाबतीत धोका नक्की कशाचा?' हा एक प्रश्न विचारला असता तर निम्मी भीती तिथेच उतरली असती. मी तो विचारला जुलैमध्ये. चार महिने दुधाच्या पिशव्या साबणाने धुतल्यावर.

माझं मन खचलंय. हा माझा स्वभाव, साथीचा परिणाम, की एमएस?

हा प्रश्न सगळ्यात जास्त येतो, आणि बहुतेक जण तो दुसरंच काहीतरी विचारता विचारता विचारतात.

एमएस असलेल्यांपैकी जवळजवळ निम्म्या लोकांना आयुष्यात कधी ना कधी नैराश्य येतं. सर्वसाधारण लोकांपेक्षा हे प्रमाण कितीतरी जास्त आहे. त्याची कारणं एकात एक गुंतलेली असतात. मेंदूत जिथे मायलिन गेलंय ती जागा भावना सांभाळणाऱ्या जाळ्यातली असू शकते. शरीरातली सूज स्वतःच मनावर परिणाम करते. काही औषधांचा वाटा असतो. आणि तिशीत काठी हातात घ्यावी लागली तर माणसाला वाईट वाटणारच, त्याला एमआरआय लागत नाही. यातलं कुठलंही कारण 'स्वभाव' या सदरात मोडत नाही. दृष्टी अधू झाली तेव्हा मला कुणी 'डोळे घट्ट कर' म्हणालं नव्हतं. मन खचल्यावर मात्र 'मन घट्ट कर' असं पाच जणांनी सांगितलं, त्यातला एक पांढऱ्या कोटातला होता.

साथीने यात नेमकं काय केलं? तिने आमचं नैराश्य झाकून टाकलं. एप्रिल २०२० मध्ये पेठांतल्या गल्ल्या पत्रे ठोकून बंद केल्या होत्या. आमच्या बोळाच्या तोंडाशीही पत्रा आणि बांबू. सगळेच उदास. मी एका डॉक्टरांना फोनवर सांगितलं की तीन आठवडे पहाटे चारला जाग येते, जेवण जात नाही, प्रूफं समोर असतात आणि मी नुसती बघत बसते. ते म्हणाले, 'अहो, सध्या सगळ्यांनाच टेन्शन आहे.' खरंच होतं. पण सगळ्यांना सर्दी झाली म्हणून माझा न्यूमोनिया सर्दी होत नाही. जून उजाडेपर्यंत मी गप्प बसले. ते दोन महिने फुकट गेले, याचा राग अजून आहे.

म्हणून साधी खूण लक्षात ठेवा. दोन आठवडे, बहुतेक दिवस, उदास वाटतंय किंवा कशातच रस वाटत नाही. या दोन्हींपैकी एक जरी असेल तर पुढच्या भेटीची वाट न बघता डॉक्टरांना सांगा. मुंग्या सांगता त्याच सुरात सांगा : कधीपासून, किती वेळ, त्यामुळे काय अडतंय.

थकवा आणि नैराश्य यांत फरक कसा ओळखायचा? मला दोन्ही सारखंच वाटतं.

अवघड आहे, आणि दोन्ही एकाच वेळी असू शकतात. एमएसचा थकवा म्हणजे दमणं नव्हे. पाणीकपातीच्या दिवसांतली गच्चीवरची टाकी आठवा. सकाळी एकदाच भरते, किती भरली ते दिसत नाही, आणि कुणी नळ सोडून फरशी धुतली तर दुपारी चहापुरतंही पाणी उरत नाही. पुण्यात राहणाऱ्याला हे वेगळं समजावावं लागत नाही. अंघोळ, जिना, एक लांबलेला फोन, झाली टाकी रिकामी.

फरक मला एका गणपतीत कळला. एका वर्षी मोदकांची उकड मळायला घेतली आणि बोटंच वळेनात. जीव तळमळत होता, शेवटी स्टुलावर बसून जावेला पाकळ्या कशा पाडायच्या ते सांगत राहिले. तो थकवा. २०२० साली विसर्जनाच्या मिरवणुका नव्हत्या, महापालिकेचे फिरते हौद दारापर्यंत येत होते, घरात चारच माणसं. हात ठीक होते. नारळ खवलेला होता. आणि मला वाटलं, मोदक केले काय, न केले काय. ते नैराश्य.

थकव्यात इच्छा असते, ताकद नसते. नैराश्यात इच्छाच जाते. ही ढोबळ खूण झाली, निदान नव्हे. झोप मोडणं, थायरॉइड, हिमोग्लोबिन, ब जीवनसत्त्व कमी असणं यांनीही असंच होतं, तेव्हा डॉक्टर रक्ततपासणी सांगतील तर कुरकुर नको.

शब्द आठवत नाहीत, वाचलेलं डोक्यात राहत नाही. हे टेन्शनमुळे का?

असू शकतं, पण एमएसमध्ये स्मरण, लक्ष आणि विचाराचा वेग यांवर परिणाम होणं अगदी नेहमीचं आहे. मुद्रितशोधकाला हे फार लवकर कळतं. माझ्या नजरेतून 'कि' आणि 'की' सुटायला लागले तेव्हा प्रकाशकांच्या आधी मला घाम फुटला. उदासी, चिंता आणि अपुरी झोप या त्रासात भर घालतात, आणि त्यांवर उपचार झाले की डोकंही थोडं मोकळं होतं. मी आता एकावेळी आठच पानं वाचते, सकाळी नऊच्या आत, फोन दुसऱ्या खोलीत ठेवून. काम कमी होतं. चुका राहत नाहीत.

ताप आला आणि पायच गेले! हा रिलॅप्स (आजाराचा नवा झटका) आहे का?

घाबरून रात्री तीनला येणारा फोन तो हाच. बऱ्याचदा उत्तर 'नाही' असतं. ज्या तंतूंचं वेष्टण आधीच झिजलंय त्यांतून जाणारे संदेश शरीराचं तापमान थोडं वाढलं तरी अडखळतात. उटहॉफ नावाच्या जर्मन नेत्रतज्ज्ञाने १८९० मध्ये हे नोंदवलं, व्यायामानंतर रुग्णांची दृष्टी तात्पुरती मंदावते म्हणून. ताप, लघवीचा संसर्ग, गरम पाण्याची लांबलेली अंघोळ, पुण्याचा एप्रिल, यांपैकी कशानेही जुनी लक्षणं वर येतात आणि अंग गार झालं की ओसरतात. नवी इजा झालेली नसते. खरा रिलॅप्स म्हणजे नवं किंवा पुन्हा उफाळलेलं लक्षण चोवीस तासांपेक्षा जास्त टिकणं, तेही ताप किंवा संसर्ग नसताना.

म्हणून क्रम असा : आधी थर्मामीटर, मग तुम्हाला चालत असलेलं तापाचं औषध आणि ओली पट्टी, मग किती वाजता काय झालं ते वहीत लिहिणं, आणि सकाळी फोन. धाप लागत असेल, शुद्ध हरपत असेल, लघवी अडली असेल तर मात्र सकाळची वाट बघायची नाही.

स्लॅबखालच्या घरात मे महिना काढणाऱ्यांसाठी : मानेवर ओला पंचा, माठाचं पाणी, खिडकीला वाळ्याचा पडदा आणि कामं सकाळी उरकणं. कुणी हसलं तर हसू द्या. ऊन उतरल्यावर माझा स्वभावही सुधारतो, हे घरातल्यांचं निरीक्षण आहे.

साथीत औषध लांबलं किंवा मिळालंच नाही तर? भीतीने बंद करावं का?

स्वतःच्या मनाने बंद करू नका. फिंगोलिमॉड आणि नॅटालिझुमॅब ही एमएसवरची औषधं अचानक थांबवली तर आजार पूर्वीपेक्षा जोरात उसळू शकतो. रिटुक्सिमॅबचं सहामाही इन्फ्युजन (सलाइनसारखं शिरेतून दिलेलं औषध) साथीत काही आठवडे पुढे ढकलता येतं का, हे डॉक्टर ठरवू शकतात, कारण त्याचा परिणाम लांब टिकतो. इंटरफेरॉनची इंजेक्शनं २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवावी लागतात. आमच्याकडे ती कोथिंबिरीच्या डब्यामागे, मधल्या कप्प्यात असत. फ्रीजरजवळ कधीच नाही, गोठलेलं इंजेक्शन फुकट जातं.

माझं इन्फ्युजन सात आठवडे लांबलं. ज्या रुग्णालयात ठरलं होतं तिथला तो मजला करोनासाठी घेतला आणि मला कळवायचं कुणाच्या लक्षात आलं नाही. मी पास काढून, रिक्षा मिळवून, जिना उतरून गेले, आणि रखवालदाराने फाटकातून परत पाठवलं. शारीरिक त्रास काहीच झाला नाही. पण 'आपण यादीतून गळलो' ही भावना आठवडाभर गेली नाही. तेव्हापासून दोन दिवस आधी फोन करते आणि ज्याच्याशी बोलले त्याचं नाव लिहून घेते.

लसीची भीती वाटते. लसीने एमएस वाढतो का?

करोनाच्या लाटेत सगळ्यात जास्त अफवा याच्याच होत्या, आणि गंमत म्हणजे कोव्हिशील्ड आपल्या हाकेच्या अंतरावर, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये बनत होती. जगभरच्या एमएस तज्ज्ञांनी बहुसंख्य रुग्णांना लस घ्यायलाच सांगितलं. घेतल्यावर एक-दोन दिवस ताप आणि त्यामुळे जुनी लक्षणं वर येणं शक्य आहे. वरचं उटहॉफचं उत्तर पुन्हा वाचा. प्रतिकारशक्ती दाबणारी औषधं चालू असताना टाळायच्या असतात त्या जिवंत जंतूंच्या लशी. कोव्हिशील्ड किंवा कोव्हॅक्सिन त्यांत येत नाहीत. रिटुक्सिमॅबवाल्यांमध्ये अँटिबॉडी कमी तयार होतात, म्हणून दोन इन्फ्युजनच्या मधली योग्य वेळ विचारून घ्यावी.

भीती मात्र माहितीने पूर्ण जात नाही. मला लस घेताना माझ्या वहिनीने विनाकारण चाळीस मिनिटं साड्यांच्या सेलबद्दल सांगितलं. उपयोग झाला.

जीबीएस आणि एमएस एकच का? सिंहगड रस्त्याचं ऐकून झोप उडाली होती.

एक नाही. गियाँ-बारे सिंड्रोममध्ये हल्ला हातापायांकडे जाणाऱ्या बाहेरच्या नसांवर होतो, आपल्यात मेंदू आणि मज्जारज्जूवर. जीबीएस काही दिवसांत वाढतो आणि बहुतेक जण काही आठवड्यांत-महिन्यांत सावरतात. पुण्यातल्या त्या साथीत दूषित पाणी आणि कॅम्पायलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू यांच्याकडे बोट गेलं. पाणी उकळून प्यावं हा उपाय सगळ्यांनाच लागू होता.

झोप उडाली ते साहजिक होतं. 'पायातली ताकद जाते', 'मुंग्या येतात' हे बातम्यांतले शब्द आमच्या घरातले शब्द आहेत. त्या दोन आठवड्यांत माझ्या तळव्यांच्या मुंग्या दुप्पट झाल्या. नसांना काही झालं नव्हतं, मी दर तासाला मोजत होते म्हणून. बातम्या दिवसातून एकदा, तेही वाचून, बघून नाही, असा नियम मी तेव्हा केला आणि टीव्हीचा रिमोट नवऱ्याच्या ताब्यात दिला. तो क्रिकेट लावतो. ठीक आहे.

काही कारण नसताना रडू येतं, कधी भलत्या वेळी हसू. मला वेड लागतंय का?

नाही. मेंदूतल्या भावना दाखवणाऱ्या आणि त्यांना लगाम घालणाऱ्या भागांमधली तार तुटली की असं होतं. आत वाटतं एक आणि चेहऱ्यावर येतं दुसरं. दुसऱ्या लाटेत माझ्या मामांचं दिवसकार्य व्हिडिओ कॉलवर झालं. गुरुजींचा आवाज तुटत होता, पिंड दिसत होते, आणि मला हसू फुटलं. थांबेना. कॅमेरा बंद करून तोंडात पदर कोंबला. मामेबहीण वर्षभर बोलली नाही. न्यूरॉलॉजिस्टने नाव सांगितलं, त्यावर गोळ्या आहेत हे सांगितलं, आणि मी तो कागद बहिणीला पाठवला. हे नैराश्यापेक्षा वेगळं असतं, म्हणून डॉक्टरांना दोन्ही वेगवेगळं सांगा.

स्टेरॉइडनंतर मी वेगळीच होते, हे खरं की माझा भास?

खरं. रिलॅप्सला मिथाइलप्रेडनिसोलोन शिरेतून देतात, बहुधा रोज १ ग्रॅम, तीन ते पाच दिवस. त्या दिवसांत झोप उडते, बडबड वाढते; मी रात्री दोनला मसाल्याच्या बरण्या अकारविल्हे लावल्या आहेत. मग औषध संपतं आणि दोन-तीन दिवस माणूस खोल जातो. घरच्यांना आधी सांगून ठेवा, म्हणजे त्या आठवड्यातली भांडणं आणि मोठे निर्णय दोन्ही पुढे ढकलता येतात. इंटरफेरॉन चालू असताना मन खालावलं तर तेही लपवू नका, औषध बदलता येतं.

लॉकडाऊनमध्ये व्यायाम, फिजिओ, सगळं बंद पडलं होतं. पुन्हा तसं झालं तर?

आमच्या फिजिओथेरपिस्ट बाई व्हिडिओ कॉलवर यायच्या. फोन दळणाच्या डब्याला टेकवलेला, मी स्वयंपाकघराच्या ओट्याला धरून. टाचा वर, दहा. एका पायावर, पाच मोजेपर्यंत. ओटा पकडायला चांगला असतो, खुर्ची सरकते. नवरा मागे उभा, हात पुढे करून, जणू मी कॅच आहे. हसून हसून तोल जायचा, पण आठवड्यातले ते तीन पाऊण तास आमच्या घरातले सगळ्यात चांगले होते. त्या वेळी मन हलकं व्हायचं हे मी नंतर वही चाळताना पाहिलं. नियमित हालचालीने थकवा आणि उदासी दोन्ही कमी होतात हे एमएसमध्ये तपासलेलं आहे, तरी मला वहीवर जास्त विश्वास बसला.

दिवसाला खुंट्या हव्यात. जेवण, अंघोळ, झोप ठरलेल्या वेळी, आणि दिवसातून एक असं माणूस ज्याच्याशी आजाराबद्दल बोलायचं नाही. माझ्यासाठी ती खालच्या मजल्यावरची आजी होती. ती गॅलरीतून टोपली सोडायची दोरीने, फुलं विकणारा त्यात फुलं घालायचा, आणि वर बघून मला ओरडून विचारायची, 'आज काय भाजी गं?' साडेअकराला. तिचा आवाज आला नाही त्या दिवशी दिवस चुकल्यासारखा वाटायचा.

मल्टिपल स्क्लेरोसिस सोसायटी ऑफ इंडियाची पुण्यात शाखा आहे. आपल्यासारखी माणसं एकदा तरी भेटा, प्रत्यक्ष किंवा स्क्रीनवर. 'लघवीची घाई' हा शब्द उच्चारायला जिथे खाली बघावं लागत नाही अशा जागा फार नसतात.

वर्क फ्रॉम होम आपल्यासाठी सोयीचंच नाही का?

अर्धं. हिंजवडीला जाऊन-येऊन जी टाकी रिकामी व्हायची ती घरी वाचते, स्वच्छतागृह दहा पावलांवर असतं. पण आयटीतल्या दोघी-तिघींनी मला सांगितलं की वर्षभराने त्यांना आपला आवाज फक्त मीटिंगमध्ये ऐकू यायला लागला. आठवड्यातून एखादा दिवस ऑफिसला जाता येत असेल तर तो सोडू नका. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या २१ प्रकारांत मल्टिपल स्क्लेरोसिस नावानिशी आहे, तेव्हा कामाच्या वेळेत किंवा जागेत सवलत मागणं ही मेहेरबानी मागणं नव्हे. प्रमाणपत्राच्या तपासणीला मात्र आपला वाईट दिवस कसा असतो ते लिहून न्या. मी चांगल्या दिवशी गेले आणि टेबलामागचे गृहस्थ म्हणाले, 'चालताय की!'

घरच्यांनी काय करावं?

आधी काय बोलू नये ते. 'पण तू तर छान दिसतेस.' आमच्या दारावर मी पुणेरी पाटी लावली होती : 'येथे राहणारी व्यक्ती छान दिसते. ती तशी नाही. कृपया चर्चा करू नये.' सासूबाईंनी दोन दिवसांत काढली, पण वाचली सगळ्यांनी.

दुसरं, हातातलं काम हिसकावून घेऊ नका. मला अर्धा तास लागला तरी भेंडी मला चिरू द्या. साथीत काळजीपोटी माझी सगळी कामं इतरांनी वाटून घेतली आणि मी घरात पाहुणी झाले. विचारा : 'करू का, की करतेस?' एवढंच.

आणि काळजी घेणाऱ्याचंही मन असतं. माझा नवरा त्या वर्षी रोज रात्री गच्चीवर जायचा. मला वाटायचं फोनवर बोलतो. तो नुसता टाकीला टेकून बसायचा. हे त्याने मला दोन वर्षांनी सांगितलं. समुपदेशकाकडे त्यालाही जाता आलं असतं, ते आम्हा कुणाला सुचलं नाही.

मानसोपचारतज्ज्ञांच्या गोळ्यांची सवय लागते का? एमएसच्या औषधांबरोबर चालतात का?

नैराश्यावरच्या नेहमीच्या गोळ्यांची नशेसारखी सवय लागत नाही. परिणाम दिसायला काही आठवडे लागतात, आणि बंद करताना हळूहळू, डॉक्टरांच्या सांगण्यानुसार. झोपेच्या काही गोळ्यांची मात्र सवय लागते, त्या वेगळ्या. औषधांची चिठ्ठी दोन्ही डॉक्टरांना दाखवा. उदाहरणार्थ, फिंगोलिमॉड आणि नैराश्यावरची एस्सिटॅलोप्रॅम ही गोळी, दोन्ही हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करू शकतात, एकत्र देताना ईसीजी बघतात. गोळ्यांइतकंच समुपदेशन महत्त्वाचं. विचार आणि वागणं यांवर टप्प्याटप्प्याने काम करणारी सीबीटी ही पद्धत एमएसमध्ये फोनवरूनही उपयोगी पडते हे दिसलं आहे, म्हणजे जिना उतरायची गरज नाही.

खर्चाचं म्हणाल तर ससूनमध्ये मानसोपचार विभाग आहे. आणि २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यानुसार आरोग्य विम्यात मानसिक आजाराला शारीरिक आजारासारखंच धरावं लागतं. पॉलिसी काढून बघा, एजंट स्वतःहून सांगत नाही.

'यापेक्षा मेलेलं बरं' असं मनात येतं. कुणाला सांगू?

आज सांगा. टेली-मानस, क्रमांक १४४१६, मोफत, चोवीस तास, मराठीत बोलता येतं. जिवाला लगेच धोका वाटत असेल तर ११२. त्याआधी किंवा त्याबरोबर घरातल्या एका माणसाला सांगा, आणि गोळ्यांचा डबा त्याच्याकडे द्या.

घरच्यांनी असं ऐकलं तर 'वेड्यासारखं बोलू नकोस' म्हणू नये. शेजारी बसावं, सरळ विचारावं : 'जीव द्यायचा विचार येतो का?' विचारल्याने विचार डोक्यात भरत नाही. त्या रात्री एकटं सोडू नये. एमएसमध्ये हा धोका इतरांपेक्षा जास्त असतो हे माहीत आहे, म्हणून हे बोलणं नाटक समजू नये.

साथ कधीच संपली, तरी घराबाहेर पडायची भीती वाटते. काय करू?

दोन वर्षं न वापरलेल्या पायांना आणि मनाला एकदम लक्ष्मी रोड दाखवू नका. मी कोपऱ्यावरच्या इस्त्रीवाल्यापासून सुरुवात केली. जिन्याच्या अडतीस पायऱ्या आणि पुढे त्र्याऐंशी पावलं. तो म्हणाला, 'ताई, गावाला गेला होता का?' मग आठवड्याने भाजी. मग सारसबागेतलं पहिलं बाक, दुसऱ्या बाकापर्यंत जायला अजून महिना लागला.

भीती बहुतेक वेळा तीन गोष्टींची असते : पडेन, लघवी आवरणार नाही, लोक बघतील. पहिल्या दोन्हींना तयारी आहे. काठी घ्या, निघण्याआधी जाऊन या, जिथे जायचं तिथलं स्वच्छतागृह आधी विचारून ठेवा, पिशवीत एक जोड कपडे. तिसऱ्याला मी अजून उपाय शोधतेय.

मार्चमध्ये बालगंधर्वला नाटकाला गेले. कडेची खुर्ची, दाराजवळची, दुपारी दोन तास झोपून. मध्यंतरापर्यंत टाकी संपली आणि आम्ही निघालो. शेवट काय झाला तो खालच्या आजींनी दुसऱ्या दिवशी साडेअकराला, टोपली वर ओढता ओढता, सगळ्या गल्लीला ऐकू जाईल असा सांगितला.